टॉफीवरचा मेलेला गोचीड

१

शनिवारी सकाळी चहाचा कप ओठाला लावतोय तोच चौकीतला फोन वाजला.

"ओवेन, असशील तसा निघून ये," पलीकडून ग्वेंडा टलक म्हणाली. "आणि बेड्या घेऊन ये. त्या शेजारच्या क्विर्कनं माझ्या टॉफीला विष घातलंय."

टॉफी म्हणजे तिची घोडी. मी घोड्यांना घाबरतो, हे आधीच सांगून टाकतो. या डोंगराळ भागात सार्जंट म्हणून माझे केस पांढरे झाले, दारुड्यांशी झोंबलो, पुरातून माणसं ओढून काढली, पण घोडा दोन हातांवर आला की माझे पाय आपोआप गाडीकडे वळतात. दुसऱ्या कुणाची घोडी असती तर मी आधी चहा संपवला असता.

पण टॉफी रोरीची होती. रोरी हा ग्वेंडाचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी ओढ्याच्या पुलावरून त्याची गाडी उलटली आणि ती बातमी घेऊन ग्वेंडाच्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर आली. बोलताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी कुंपणावरून डोकं काढून उभ्या असलेल्या त्या घोडीकडे बघत बोललो होतो. तेव्हापासून ग्वेंडानं टॉफीवर कुणाला बसू दिलं नाही, तिला कुठल्या घोड्याकडे नेऊ दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ तिच्या मानेवरून हात फिरवायचा आणि घरात जायचं, एवढंच तिचं चाललं होतं. ती घोडी गेली तर ग्वेंडाचं काय होईल, याचा विचार मला गाडी चालवतानाही करवत नव्हता.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर आधीच आली होती. रोझाल्बा ट्रेविझान, आमच्या पंचक्रोशीतली जनावरांची डॉक्टर. बाप इटलीहून आलेला, डोंगरउतारावर केळी लावणारा. पोरीनं त्याचा मोठा आवाज उचलला आणि चिकाटीही. जाकारंडाच्या झाडाखाली घोडी पाय फाकवून उभी होती. मान खाली लोंबत होती, खालचा ओठ सुटला होता, आणि झाडाची जांभळी फुलं पाठीवर पडत होती तरी ती कातडी थरथरवून झटकत नव्हती.

"काल संध्याकाळी शहरातून परत आले तेव्हाच ही गप्प होती," ग्वेंडा मला म्हणाली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर बहिणीकडे होती. एका डोळ्यावर अजून पट्टी होती. "आज बघते तर ही अशी. मानेवरून हा निघाला."

तिनं काड्यापेटी उघडली. आत एक तपकिरी गोचीड होता, पुढे सोंडेसारखं लांब तोंड असलेला. आमच्या किनारपट्टीवर हा लुळा पाडणारा गोचीड पोराटोरांनाही ओळखता येतो. कुत्र्याचे आधी मागचे पाय जातात, मग भुंकणं जातं, मग श्वास. प्रत्येक घराच्या मागे त्यानं मारलेलं एखादं तरी कुत्रं पुरलेलं असतं.

"एका गोचिडानं एवढी मोठी घोडी आडवी होत नाही," रोझाल्बा म्हणाली. "शिंगरू होतं, वासरू होतं. आणि हा बघ, चपटाच आहे. अजून पोटभर रक्तही प्यायला नाही."

"म्हणूनच म्हणते, गोचीड नाही, विष आहे! क्विर्कचं काम आहे हे."

रोझाल्बानं घोडीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. एका बाजूला, मग दुसऱ्या. "ओवेन, इकडे ये, ऐक."

"मी इथूनच ऐकतो."

"ऐकण्यासारखं काही नाहीच. घोड्याच्या पोटात सारखी गडगड चालू असते. हिचं पोट कुलूप लावलेल्या घरासारखं गप्प आहे. साकी, लीद?"

साकी, म्हणजे साकिउसा. फिजीचा, दरवाजाएवढा रुंद गडी. इथलं सगळं जनावर तो सांभाळतो आणि रविवारी चर्चमध्ये गातो. "कालपासून एक गोळा नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "मी सगळं कुरण पालथं घातलं."

रोझाल्बानं पोटशूळाचं नेहमीचं इंजेक्शन भरलं. कळ थांबवणारं, गुंगी आणणारं. सुई घोडीच्या मानेपाशी नेली आणि तिथंच थांबली. काड्यापेटीकडे बघत राहिली.

"ग्वेंडा, हा गोचीड तू मारलास?"

"नाही. निघाला तेव्हाच असा वाळका होता."

रोझाल्बानं सुईवर टोपण बसवलं.

"थांबलीस का?" ग्वेंडा किंचाळली. "तिचा जीव चाललाय!"

"जिवंत घोडीच्या अंगावर गोचीड मेला कसा, ते कळल्याशिवाय मी हे टोचणार नाही," रोझाल्बा म्हणाली.

२

तिनं मला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. हिची आतडी पिळली असतील तर हे इंजेक्शन हिला आराम देईल. पण माझ्या मनात दुसरी एक गोष्ट आहे. ती हिच्या अंगात गेली असेल, तर हेच इंजेक्शन हिला मारेल. त्या गोष्टीवरचा उतारा माझ्या पेटीत आहे. पण तो दिला आणि निघाली आतडी पिळलेली, तर ही कळांनी वेडी होईल."

"ती गोष्ट कोणती, ते तर सांग."

"सांगितलं की सगळे मला हवं तेच बोलायला लागतील. आणि जो खोटं बोलतोय तो सावध होईल. दुपारच्या आत मला खरं कळायला हवं, ओवेन. त्यापुढे पोट आपणहून सुरू व्हायचं नाही."

इकडे ग्वेंडानं साकिउसाला धारेवर धरलं होतं. "चारा तूच घालतोस ना? मग तिच्या पोटात काय गेलं ते तुलाच माहीत! सोमवारी गुरं विकून झाली की तूही चालता हो!"

साकिउसानं बोटानं कुरणात चरणारं म्हातारं तट्टू दाखवलं. "तोच चारा बिस्किटलाही घालतो. ते बघा, खातंय. विष असतं तर ते आधी मेलं असतं, त्याला दातसुद्धा नाहीत."

रोझाल्बा तट्टापाशी गेली. तिनं त्याचा कान उलटा केला, आणि माझ्या अंगावर काटा आला. कानात साध्या रानगोचिडांची रांग लागली होती, सगळे फुगलेले. मग ती टॉफीपाशी आली. दोन्ही कान, आयाळ, छाती, काखा, सगळीकडे बोटं फिरवली.

"दोघं एकाच कुरणात असतात?"

"एकाच झाडाखाली," साकिउसा म्हणाला. "बिस्किट तिला सोडत नाही."

रोझाल्बानं मान हलवली. टॉफीच्या अंगाला नाक लावून हुंगलं आणि म्हणाली, "हिला आंघोळ घातलीय."

"पॉपनं घातली असेल," ग्वेंडा म्हणाली. पॉप म्हणजे तिचा सासरा, अ‍ॅल्बी.

"डॉक्टर," साकिउसानं आवाज खाली आणला, "एक सांगू? बुधवारी मिस्टर क्विर्क कुंपणाच्या अलीकडे आले होते. टॉफीच्या काखेत हात घालून काहीतरी चाचपत होते. म्हातारबाबा शेजारीच उभे होते. मला बघितलं आणि दोघांनी तोंडं मिटली."

"बघ! मी सांगत नव्हते?" ग्वेंडा माझ्यावरच खेकसली.

मी अ‍ॅल्बीला शोधायला ओसरीवर गेलो. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, एके काळी या डोंगरातला सगळ्यात तरबेज घोडेस्वार, आणि रोरीला घोड्यावर बसवलं ते यानंच. वेताच्या खुर्चीत तो मान टाकून बसला होता. तोंड उघडं होतं. मी हाक मारली. पुन्हा मारली. म्हातारा हलेना.

३

"मेलेला नाही," पाठीमागून ग्वेंडा म्हणाली. "काल रात्रीपासून असाच लोळतोय. घोडी मरतेय आणि हा घोरतोय!"

मी खांदा हलवल्यावर अ‍ॅल्बीनं डोळे उघडले. "ओवेन? पाणी दे रे आधी. जीभ टाळूला चिकटलीय."

"बाटली लावली होतीत की काय?"

"बाटली! डॉक्टरांनी बिअर बंद केली, तेव्हापासून मी फक्त तिचा वास घेतो." त्यानं अख्खा तांब्या घटाघटा संपवला. "साखर मात्र वाढलीय. काल बोट टोचून बघितली, आयुष्यात कधी नव्हती एवढी. आणि एक बिस्किट खाल्लेलं नाही, आईशप्पथ."

"पॉप, जॅमच्या बरणीत चमचा तुमचाच असतो," ग्वेंडा म्हणाली.

"चार दिवसांत बरणीला हात लावलेला नाही! विचार साकीला."

रोझाल्बा पायरीवर बसली होती. तिनं सहज हात पुढे करून म्हाताऱ्याचं मनगट धरलं. मला वाटलं, धीर देतेय. बराच वेळ धरून बसली.

"अ‍ॅल्बी, टॉफीला आंघोळ घातलीत?"

"गुरुवारी. ग्वेंडा यायची होती ना. म्हटलं, चकचकीत दिसू दे."

"कशानं?"

"शाम्पूनं. नाहीतर काय, अत्तरानं घालू?"

"हातमोजे घातले होते?"

"घोड्याला हात लावायला हातमोजे घालणारा टलक अजून जन्मायचाय." आणि मग एकदम, "क्विर्कला विचारा! माझ्या डोक्याशी काय बसलायत? पहिल्यापासून आमच्या वाईटावर आहे तो."

त्याची मान पुन्हा छातीवर टेकली. माणसानं एवढं बोलून मध्येच झोपावं, हे मी फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं.

तबेल्याच्या मागे रोझाल्बाला एक काळी रबरी बादली सापडली. आत कडेनं पांढरं वाळलेलं कडं होतं. साकिउसानं सांगितलं, म्हातारबाबांनी त्यात वासराला दूध पाजलं म्हणून. "मला तसं म्हणाले ते. पण वासरू तर बाटलीनं पितं." त्यानं खांदे उडवले.

रोझाल्बा त्या बादलीपाशी उकिडवी बसली ती बसलीच. नोव्हेंबरचं, ऐन उन्हाळ्याच्या तोंडचं ऊन चढलं होतं, माश्या माझ्या डोळ्यांत, कानांत, ओठांवर बसत होत्या, मी दोन्ही हातांनी हाकलत होतो. ती मात्र बादलीकडे बघत कुणाचीतरी वाट बघितल्यासारखी बसून राहिली. शेवटी उठली.

"क्विर्ककडे चल. आणि तिथं तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"पोलीस मी आहे, रोझाल्बा."

"म्हणूनच."

४

नेव्ह क्विर्क कुंपणाच्या तारा ताणत होता. वाळकुडा, चिडका, पण हिशेबाला चोख माणूस. ग्वेंडाच्या बाजूचं रान साफ होत नाही, तिथं गोचीड पोसतात, यावरून त्याचं टलकांशी वर्षानुवर्षं वाजत होतं.

"लावला हात त्या घोडीला," तो म्हणाला. "थोपटली. गुन्हा आहे?"

"काखेत थोपटलीस?" रोझाल्बानं विचारलं.

त्याचे कान लाल झाले. तो तारेकडे वळला.

"नेव्ह, तिथं तुझ्या बोटांना काय लागलं?"

"मी एकाला शब्द दिलाय."

"घोडी दुपारपर्यंत मरेल."

त्याच्या हातातली पक्कड थांबली. रोरीच्या अंत्ययात्रेत शवपेटीला पुढून डावा खांदा क्विर्कचा होता, हे मला तेव्हा आठवलं. भांडणं होती ती कुंपणाची. पोराशी त्याचं कधी वाकडं नव्हतं.

"माझ्या बापाचा अख्खा कळप गोचीडतापात गेला," तो तारेकडे बघतच म्हणाला. "गाई लाल मुतायच्या. चार पावलं चालून पडायच्या. मी तेव्हा लहान होतो, पण तो वास अजून नाकात आहे. आणि माझी गुरं आज त्या घोडीच्या कुंपणाला लागून चरतात." तो थांबला. "म्हाताऱ्यानं माझे हात धरले, डॉक्टर. म्हणाला, दोन दिवस दे, मी निस्तरतो, ग्वेंडाला कळू देऊ नकोस. त्या माणसानं मलाही घोड्यावर बसायला शिकवलंय. काय करणार होतो मी?"

"काय निस्तरणार होता?"

"ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो. ग्वेंडा शहरात गेली आणि त्याच आठवड्यात घोडी दोन-तीन दिवस कुरणात नव्हती. म्हातारा तिला ट्रेलरमध्ये घालून डोंगराच्या आडवाटेनं गेला होता. हमरस्त्यानं नाही."

रोझाल्बानं त्याचा खांदा दाबला. एवढ्यात पलीकडून साकिउसाची हाक आली, चर्चमध्ये गाणाऱ्या त्या आवाजानं सगळी दरी भरून गेली.

"डॉक्टर! टॉफी बसली!"

५

घोडी कुशीवर पडली होती. ग्वेंडा मातीत बसून तिचं डोकं मांडीवर घेऊ बघत होती. साकिउसानं म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून झाडाखाली आणून ठेवलं होतं. क्विर्क आमच्या मागोमाग आला आणि कुंपणापाशी थबकला. त्याला कुणी हाकललं नाही.

रोझाल्बानं घोडीची शेपटी उचलली आणि मुळाशी, जिथं कातडीची घडी पडते, तिथं बोटानं चाचपू लागली. जरा वेळानं चिमटीत काहीतरी धरून तिनं ते भिंगाखाली ठेवलं. राखाडी, सुरकुतलेलं, वाळक्या वाटाण्याएवढं.

"हाही मेलेला. पण हा लुळा पाडणारा नाही. याचं तोंड आखूड आहे, पाय फिकट. गुरांचा गोचीड. गोचीडताप पसरवतो तो हाच."

"आपल्याकडे तो नाही!" ग्वेंडा म्हणाली. "राज्याच्या सीमेपलीकडे आहे."

"म्हणूनच सीमेवर तपासनाका आहे. पलीकडून आलेला प्रत्येक घोडा तिथं तपासून, धुऊन मगच अलीकडे सोडतात. हमरस्त्यानं आला तर. हा गोचीड एकाच जनावरावर चढतो, तिथंच वाढतो, आणि फुगून खाली पडायला त्याला तीन आठवडे लागतात. म्हणजे तीनेक आठवड्यांपूर्वी टॉफी सीमेपलीकडे होती." ती खुर्चीकडे वळली. "अ‍ॅल्बी, सांगता की मी सांगू?"

म्हाताऱ्यानं नुसते डोळे उघडले.

"मग मीच सांगते. बुधवारी नेव्हला तिच्या काखेत गोचीड लागले. तुम्ही त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतलेत. शुक्रवारी ग्वेंडा येणार, सोमवारी गुरं विकण्याआधी पशुखात्याचा इन्स्पेक्टर तपासायला येणार. एक गोचीड दिसला असता तरी सगळ्या रानाला टाळं लागलं असतं, एक जनावर हललं नसतं. म्हणून गुरुवारी तुम्ही टॉफीला धुतलं. नुसत्या शाम्पूनं नाही. शाम्पू नंतर, वास घालवायला. आधी गुरांना लावतात ते गोचिडाचं औषध."

"दूध होतं ते बादलीत," अ‍ॅल्बी पुटपुटला.

"ते औषध पाण्यात पडलं की दुधासारखंच पांढरं होतं. पण वाळलेल्या दुधावर माश्या बसल्या असत्या. ओवेनच्या तोंडावर बसायला जागा उरली नव्हती, तरी एक माशी बादलीत उतरली नाही. बिस्किटचे कान गोचिडांनी भरलेत, टॉफीवर एकही जिवंत नाही. ग्वेंडानं काढला तोही आधीच मेलेला. आणि उरलेला पुरावा तुम्ही स्वतःच आहात. तोंडाला कोरड, दिवसाढवळ्या झोप, जॅम न खाता चढलेली साखर, माझ्या आजीच्या चालीपेक्षा मंद नाडी. ते कातडीतून आत जातं, अ‍ॅल्बी. तुम्ही कोपरापर्यंत हात बुडवलेत त्यात, उघडे."

"लावलं," म्हातारा एकदम मोठ्यानं म्हणाला. "लावलं! गुरांना किती वर्षं लावतोय, एक वासरू मेलं नाही! गोचीड मारायचं औषध आहे ते, विष नाही! तुझ्या त्या चपट्या गोचिडानं नाहीतर क्विर्कनं—"

"गुरांना चालतं," रोझाल्बा हळू म्हणाली. तिचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "घोड्याला नाही. घोड्याचं पोट ते बंद पाडतं. जागच्या जागी. डब्यावर तसं लिहिलेलं असतं."

"लेबल उन्हानं कधीच पांढरं पडलंय," साकिउसा म्हणाला.

मला वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की बरं वाटतं. पोलिसात मी त्यासाठीच आलो होतो. त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून मला परत चौकीत जाऊन बसावंसं वाटलं. त्याला शिक्षा द्यायला आम्ही कुणी लागणारच नव्हतो. सकाळपासून तो शेजाऱ्याला शिव्या देत होता, त्या मनापासून होत्या. आपण घोडीला वाचवलं, असंच तो धरून चालला होता.

"मी..." तो म्हणाला. त्यानं आपले दोन्ही हात उलटे करून बघितले.

"आता मला खात्री आहे," रोझाल्बा म्हणाली, आणि पेटीतून दुसरीच बाटली काढली. "गुंगी उतरवायचं औषध. सकाळचं इंजेक्शन त्या गोचिडाच्या औषधाचं सख्खं भावंड आहे. ते टोचलं असतं तर आता आपण खड्डा खणत असतो."

६

इंजेक्शन झालं. मग रोझाल्बानं घोडीच्या नाकातून लांब नळी घातली आणि साकिउसानं चढवून धरलेल्या बादलीतून पॅराफिनचं तेल आणि पाणी पोटात सोडलं. क्विर्क कधी कुंपण ओलांडून आला कळलं नाही. तो आणि साकिउसा दोन्ही बाजूंनी रेटत होते. घोडी धडपडली, पुढचे पाय रोवले आणि उभी राहिली. मी दहा हातांवरून मदत केली, म्हणजे मध्ये मध्ये "शाबास" म्हणत होतो.

मग थांबणं आलं. रोझाल्बा दर थोड्या वेळानं पोटाला कान लावायची आणि मान हलवायची. ग्वेंडा सासऱ्याकडे बघत नव्हती. एकदा साकिउसापाशी गेली, म्हणाली, "तू सोमवारी कुठेही जाणार नाहीस." तो म्हणाला, "विचार करतो, मॅडम. बिस्किटला विचारून सांगतो." तिला हसू आलं नाही, पण तिनं त्याच्या दंडावर थाप मारली.

नंतर ती घरात गेली. खिडकीतून तिचा आवाज येत होता. "हो, ग्वेंडा टलक. माझ्या रानात गुरांचा गोचीड सापडलाय... नाही, शेजाऱ्यानं नाही कळवलं, मीच कळवतेय... हो, माहिती आहे टाळं लागेल. शेजारी नेव्हिल क्विर्क, त्याची गुरं आधी तपासा." क्विर्कनं टोपी काढली आणि उगाचच तिची कड झटकत राहिला.

ऊन कलायला लागलं तेव्हा रोझाल्बानं हात वर केला. सगळे गप्प झाले. तिनं मला बोलावलं, आणि मी, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, गेलो. घोडीच्या पोटाला कान लावला. आत कुठेतरी खोल, दुसऱ्या खोलीत कुणी टेबल सरकवावं तशी बारीक गुरगुर झाली. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि टॉफीनं शेपटी उचलली.

चार गोळे पडले. दोन माझ्या बुटांवर. साकिउसानं देवाचं नाव घेतलं, रोझाल्बानं इटालियनमध्ये काहीतरी घेतलं.

"अजून दोन दिवस धोका आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण वाट मोकळी झाली. आता या दुसऱ्या रोग्याचं बघा. अँब्युलन्स बोलावलीय, ती येईपर्यंत याचा शर्ट काढा, हात साबणानं खसखसून धुवा. नखांत असेल अजून. आणि धुणाऱ्यानं हातमोजे घाला, एका घरात एवढे अडाणी पुरेत."

मी पुढे होणार, एवढ्यात ग्वेंडा स्वयंपाकघरातले पिवळे हातमोजे आणि बादली घेऊन आली. खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली. म्हाताऱ्याचा हात ओढून पाण्यात घेतला आणि घासायला लागली. ब्रश कपड्यांचा होता. ती इतकी जोरात घासत होती की कातडी लाल झाली. म्हातारा कळवळला नाही.

"पोराच्या घोडीचं एखादं शिंगरू असावं म्हणून पलीकडच्या घोड्याकडे नेली गं," तो म्हणाला. "तू तिला कुठे जाऊच देत नव्हतीस. मी किती दिवसांचा? म्हटलं, मी गेल्यावर तुझ्यापाशी त्याचं काहीतरी वाढतं असू दे. हे असं होईल..." त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. "मारलीच असती मी तिला. मीच मारली असती."

ग्वेंडानं एक हात संपवून दुसरा घेतला. एकेक बोट, एकेक नख. शिंगरू राहिलंय की नाही, एवढ्या सगळ्यातून टिकेल की नाही, हे रोझाल्बालाही सांगता येत नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नाही. खाली वळणावर अँब्युलन्सची धूळ दिसायला लागली होती. मला वाटलं, आता ही म्हाताऱ्याला शेवटचं काय ते सुनावणार. या घरात जिव्हारी लागणारं एकदा मी माझ्या तोंडानं बोललोय, तसलं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

तिचा ब्रश थांबला. हात मात्र तिनं सोडला नाही.

"पॉप," ती म्हणाली, "घोडा कसा होता?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "तांबडा," तो म्हणाला. "चारही पाय पांढरे. जरा वांड. रोरीला आवडला असता."

"हं," ग्वेंडा म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. या वेळी हळू.